भरल्या ताटावर उपाशी

कांचेची एक बरणी घ्यावी, तिच्यांत स्वच्छ पाणी भरावें, त्या पाण्यांत रोपाला लागणारा सगळा शिधा मोजूनमापून विरघळवावा, आणि मक्याचें एखादें कोवळें रोप बुचाच्या आधारानें असें बसवावें कीं मुळें पाण्यांत व पानें उजेडांत राहतील. कांहीं दिवस रोप आनंदानें वाढतें. मग एके सकाळीं दिसतें कीं नवें निघालेलें पान पिवळें आहे. शिरा तेवढ्या हिरव्या, आणि शिरांच्या मधला भाग फिकट. त्यापुढचें पान जवळजवळ पांढरें. आपल्याकडील ऊंसवाले ज्याला केवडा पडला म्हणतात, तोच हा प्रकार. रोपाला लोह मिळत नाहीं असा त्याचा अर्थ. पण लोह तर मोजून पाण्यांत घातलेलें असतें! वाढलेलें ताट समोर असतांना जेवणारानें उपाशी मरावें, तशी ही गोष्ट. या कोड्याचा पुरता उलगडा होण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. आणि तो ज्या वाटेनें झाला त्या वाटेवर बियरच्या कारखान्याची प्रयोगशाळा आणि लिंबाच्या रसाचा व्यापार अशीं अगदीं अनपेक्षित ठिकाणें लागतात.

मातीवांचून झाड वाढतें ही कल्पना नवी नव्हे. व्हान हेल्मॉन्ट या शोधकानें कुंडींत २०० पौंड माती घालून तींत ५ पौंडांचें विलोचें रोप लावलें, पांच वर्षें त्याला केवळ पाणी घातलें, आणि शेवटीं झाड १६९ पौंडांचें झालेलें व माती अवघी दोन औंस घटलेली पाहून, झाड म्हणजे पाण्याचेंच रूपांतर, असा निर्णय दिला. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ सालीं, हा वृत्तान्त छापला गेला. निर्णय चुकीचा होता. पण चूक सुबक असली म्हणजे ती बराच काळ टिकते. १६९९ सालीं इंग्लंडांत जॉन वुडवर्ड यानें पुदिन्याचीं रोपें निरनिराळ्या पाण्यांत वाढविल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पावसाचें पाणी, झऱ्याचें पाणी, थेम्स नदीचें पाणी, आणि बागेंतील माती कालवलेलें पाणी. जितकें पाणी गढूळ, तितका पुदिना जोमदार. झाड पाण्यावर नव्हे, तर पाण्यानें वाहून आणलेल्या कशावर तरी जगतें, एवढें यावरून उघड झालें.

तें "कांहीं तरी" कोणतें, हें नेमकें सांगण्याचा मान जर्मनींतील दोघांकडे जातो. युलिउस साक्स यानें १८६० सालीं आपलें द्रावण प्रसिद्ध केलें, आणि त्याच सुमारास लाइप्झिगजवळच्या म्योकर्न येथील शेतकी-केंद्रांत विल्हेल्म क्नॉप हाहि त्याच उद्योगाला लागला होता. क्नॉपचें द्रावण म्हणजे चार क्षार: कॅल्शियम नायट्रेट, सोरा, पोटॅशियमचें फॉस्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट, आणि त्यांत चिमूटभर लोह. लिटरमागें सगळे मिळून दोन ग्रॅमसुद्धां भरत नाहींत. एवढ्याशा शिध्यावर मका फुलावर येतो, दाणा धरतो, हें पाहून त्या काळच्या विद्वानांना केवढा अचंबा वाटला असेल!

परंतु बरणीच्या तळाशीं गंजाच्या रंगाचा गाळ बसे, आणि वर पानें पिवळीं पडत. उपचार माहीत होता. फ्रान्समध्यें युझेब ग्रिस यानें १८४३-४४ च्या सुमारासच दाखविलें होतें कीं पिवळ्या पानाला लोहाच्या क्षाराचें पाणी लावलें म्हणजे तेथें हिरवा रंग परततो. म्हणून प्रयोग करणारे पुन्हां लोहाचे चार थेंब टाकीत; रोप सुधारे; कांहीं दिवसांनीं पुन्हां पिवळें पडे. रोग माहीत, औषध माहीत. कारण मात्र अज्ञात.

कारणाचा एक धागा साक्सच्याच हातीं आला होता. त्यानें संगमरवराची गुळगुळीत घासलेली फरशी कुंडीच्या तळाशीं ठेवून तीवर रोप वाढविलें. मुळें फरशीवर पसरलीं, आणि फरशी बाहेर काढून धुतली तेव्हां मुळांचा सगळा नकाशा तीवर कोरलेला दिसला. मुळें आम्ल सोडतात आणि त्या आम्लानें दगड झिजतो, असा त्याचा अर्थ. म्हणजे मूळ हें नुसतें पाणी ओढणारें नळकांडें नव्हे; ज्या पाण्यांत तें बसतें, त्या पाण्याचा स्वभावच तें बदलतें. हा बदल मोजावा कसा, हाच खरा प्रश्न होता, आणि त्याला साक्सच्या काळीं साधन नव्हतें.

आंबट आणि खारट यांची रंगावरून पारख करण्याची युक्ति जुनी आहे. रॉबर्ट बॉइल यानें १६६४ च्या आपल्या रंगांवरील ग्रंथांत लिहिलें कीं जांभळ्या व्हायोलेट फुलांचा पाक आम्लानें लाल व अल्कलीनें हिरवा होतो. आपल्या घरांतील बायकांना तर याच जातीची एक गोष्ट त्याच्या पुस्तकावांचूनच ठाऊक होती. हळदीला चुना लागला कीं पिवळ्याचें लाल होतें, आणि त्यावर लिंबू पिळलें कीं लालाचें पुन्हां पिवळें. हळदीपासून कुंकू होतें तें याच गुणानें. प्रयोगशाळेंतहि हळदीचा कागद अल्कली ओळखण्यासाठीं वापरला जाई. दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतींपासून काढलेला लिटमस तर शाळकरी मुलांनाहि परिचित. परंतु लिटमसचा कागद हा हो किंवा नाहीं एवढेंच म्हणणाऱ्या साक्षीदारासारखा आहे. किती आंबट, असें विचारलें कीं तो गप्प बसतो. दुसरी रीत अशी कीं द्रावणांत थेंबथेंब अल्कली टाकून सगळें आम्ल मारावें आणि किती थेंब लागले तें मोजावें. ही रीत पुष्कळ सांगते, पण भलतेंच सांगते. सावकाराच्या तिजोरींत एकूण किती रुपये आहेत तें ती सांगते. त्यांतले बाजारांत किती फिरत आहेत हें सांगत नाहीं. आणि मुळांना काय, यीस्टला काय, किंवा पोटांतल्या पाचकरसाला काय, गांठ पडते ती फिरत्या रुपयांशींच.

हा भेद ज्यानें आंकड्यांत आणला तो डेन्मार्कचा सोरेन सोरेन्सेन. कोपनहेगनमध्यें कार्ल्सबर्ग नांवाचा बियरचा मोठा कारखाना होता. त्याचे संस्थापक याकोब्सेन यांनीं १८७५ सालीं कारखान्याला जोडून प्रयोगशाळा स्थापन केली, आणि तिच्या नियमांत असें घातलें कीं तेथें लागलेला कोणताहि महत्त्वाचा शोध गुप्त ठेवूं नये. दारूवाल्याच्या अंगीं एवढें औदार्य असावें हें वाचून थोडें आश्चर्य वाटतें. पण पुढच्या हकीकतींत ज्ञान झांकून ठेवणारेहि भेटतील, त्यांच्याशीं ताडून पाहण्यासाठीं हा नियम ध्यानांत असावा. या प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचे प्रमुख असतांना सोरेन्सेन एन्झाइमांचा अभ्यास करीत होते. एन्झाइमाचें काम आम्लाच्या एकूण सांठ्यावर नव्हे, तर मोकळ्या हायड्रोजन-आयनांवर अवलंबून असतें, हें दाखवितांना त्यांना अडचण आली ती आंकड्यांची. शून्यापुढें दशांशचिन्ह देऊन किती शून्यें लिहावीं? १९०९ सालीं त्यांनीं सोपी तोड काढली, आणि तिला पी-एच् हें नांव दिलें.

ही तोड मराठी माणसाला तर फारच सोयीची आहे, कारण आपल्या मोजणींत लक्ष आणि कोटी आहेत. शुद्ध पाणी घेतलें तर एक कोटी लिटरांत हायड्रोजन-आयन अवघा एक ग्रॅम असतो. कोटीवर शून्यें सात. म्हणून शुद्ध पाण्याचा पी-एच् सात. दहा लक्ष लिटरांत एक ग्रॅम असेल तर शून्यें सहा, पी-एच् सहा. एक लक्ष लिटरांत एक ग्रॅम, तर पी-एच् पांच. म्हणजे आंकडा एकानें उतरला कीं आंबटपणा दसपट वाढतो, दोहोंनीं उतरला कीं शंभरपट. सातच्या वर गेलें म्हणजे अल्कलीचें राज्य. सहा आणि आठ यांत फरक दोनच, असें समजून जो चालतो तो फसतो, तो याच कारणानें.

आंकडा मिळाला, पण तो वाचण्याचें सुलभ साधन अजून हवें होतें. अमेरिकेच्या शेतकी खात्यांत दुधाचा अभ्यास करणारे मॅन्सफील्ड क्लार्क व त्यांचे सहकारी लब्ज यांनीं १९१७ सालीं रंगांची एक मालिकाच सिद्ध केली. तींतला ब्रोमथायमॉल ब्लू हा रंग सहाच्या खालीं पिवळा, सातच्या आसपास हिरवा, आणि साडेसातच्या वर निळा दिसतो. चमचाभर पाण्यांत दोन थेंब टाकावे आणि रंग तक्त्याशीं ताडावा, एवढेंच काम. आजहि झाडें लावणारे हौशी लोक जी छोटी बाटली किंवा कागदाच्या पट्ट्या वापरतात, त्या याच घराण्यांतल्या.

दुसरें साधन विजेचें. पातळ कांचेचा फुगा आम्ल व अल्कली यांच्या फरकानें विजेचा सूक्ष्म दाब दाखवितो, हें १९०६ सालीं क्रेमर यास दिसलें होतें. पण कांचेंतून येणारा प्रवाह इतका क्षीण कीं त्याच्यासाठीं नाजूक उपकरणें लागत. १९३४ सालीं कॅलिफोर्नियांतील अर्नोल्ड बेकमन यांच्याकडे त्यांचा एक जुना सहाध्यायी आला. लिंबू-संत्रीं पिकविणाऱ्यांच्या सहकारी संघांत तो रसायनज्ञ होता. रस टिकविण्यासाठीं त्यांत गंधकाचा वायु मिसळीत, आणि त्या वायूनें लिटमसचा रंगच उडून जाई. मग आंबटपणा मोजायचा कसा? बेकमन यांनीं रेडिओंत असतात तशा दोन व्हॅल्व्हांचा उपयोग करून तो क्षीण प्रवाह वाढविला, आणि सगळें उपकरण एका पेटींत बसविलें. १९३५ मध्यें ती पेटी १९५ डॉलरांना विक्रीस आली. लिंबाच्या रसासाठीं झालेलें हें यंत्र थोड्याच काळांत रसायनशाळांत आणि झाडांच्या पाण्याशींहि जाऊन पोंचलें.

त्याच कॅलिफोर्नियांत, बर्कले येथील विद्यापीठांत, या हकीकतीचा सर्वांत गाजलेला प्रवेश घडला. विल्यम गेरिक हे तेथले वनस्पतिशास्त्रज्ञ. १९२९ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं प्रयोगशाळेंतली ही पाणशेती बाजारासाठीं पीक काढण्यासहि योग्य आहे. त्यांनीं टाक्यांत टोमॅटो लावले, आणि ते वेल पंचवीस फूट उंच चढले. फळें शिडीवरून काढावीं लागलीं. शिडीवर चढलेल्या माणसांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत झळकलीं. १९३७ सालीं या विद्येला "हायड्रोपॉनिक्स" हें ग्रीक नांव मिळालें. मग काय विचारतां! जिकडेतिकडे तयार पुड्या विकणारे निघाले; तळघरांत, गच्चीवर, वाटेल तेथें धान्य पिकेल असें लोक म्हणूं लागले. गेरिक यांचें व विद्यापीठाचें मात्र बिनसलें, आणि त्यांनीं विद्यापीठ सोडलें.

या गोंधळांत खरें-खोटें निवडण्याचें काम डेनिस होगलंड आणि त्यांचे तरुण सहकारी डॅनियल आर्नन यांनीं केलें. होगलंड हे शांत आणि चिवट वृत्तीचे. १९१७ सालींच त्यांनीं सातूच्या रोपांवर पाण्याच्या आम्लतेचा परिणाम काय होतो हें तपासलें होतें. १९३८ सालीं दोघांनीं एक छोटी पुस्तिका काढली. पाण्यांतलें पीक चांगल्या जमिनींतल्या पिकाहून जादा येतें हा समज तींत त्यांनीं खोडून काढला, आणि त्याच वेळीं आपल्या द्रावणाचें संपूर्ण माप जगाला उघड करून दिलें. पुडीवाल्यांचा धंदा त्यामुळें बसला कीं नाहीं कोण जाणे, पण होगलंडचें द्रावण आजहि प्रयोगशाळांतून तेंच नांव धारण करून आहे. त्या मापांत लोहाविषयीं सूचना होती कीं लोहाचें द्रावण आठवड्यांतून एकदोनदां, किंवा रोपाच्या चेहऱ्यावरून वाटेल तेव्हां, पुनःपुन्हां घालावें. जुनें कोडें अजून तसेंच होतें, हें या सूचनेंतच दिसतें.

एव्हांना त्याचें अर्धें उत्तर मात्र हातीं आलें होतें. रोपाला नत्र दोन रूपांत मिळूं शकतें: नायट्रेट आणि अमोनियम. नायट्रेट घेतांना मुळें त्याच्या मोबदल्यांत पाण्यांत अल्कली सोडतात. अमोनियम घेतांना आम्ल सोडतात. क्नॉपच्या बरणींत नत्र सगळें नायट्रेटाच्या रूपांत होतें. रोप जेवी, आणि जेवतां जेवतां स्वतःच्याच पाण्याचा पी-एच् चढवीत जाई. आणि लोहाची गंमत अशी कीं पी-एच् एकानें चढला कीं पाण्यांत विरघळून राहूं शकणारें साधें लोह हजारपटींनीं कमी होतें. सहाला जें थोडें तरी मोकळें असतें, तें साडेसातला गंज होऊन तळाशीं बसतें. फॉस्फेटहि कॅल्शियमशीं गांठ बांधून खालीं जातें. रोप भुकेलें राही तें त्याच्याच जेवणाच्या परिणामानें! होगलंडच्या दुसऱ्या द्रावणांत नायट्रेटाच्या जोडीला थोडें अमोनियम घातलेलें आहे, तें हा तोल सांवरण्यासाठींच.

मग असा प्रश्न उभा राहिला कीं आम्लता स्वतः झाडाला मारते, कीं ती केवळ अन्नाचा दरवाजा लावून घेते? १९४२ सालीं आर्नन व जॉन्सन यांनीं याचा सरळ निकाल लावला. टोमॅटो, लेट्यूस आणि आपली हरळी यांचीं रोपें त्यांनीं पी-एच् ३ पासून ९ पर्यंतच्या द्रावणांत ठेवलीं. आंकडा हलूं नये म्हणून पाणी वारंवार तपासून दुरुस्त केलें, आणि अन्न कोठेंहि कमी पडूं दिलें नाहीं. तीनला रोपें कोसळलीं. नवाला वाढ खुंटली, कारण फॉस्फेट आंत जाईना. पण चारपासून आठपर्यंत, अन्न पोंचत राहिलें तर, झाडांनीं बऱ्यापैकीं तग धरला. झाडें आपण समजतों त्याहून सहनशील आहेत. साडेपांच ते साडेसहा हा जो आंकडा आज सगळीकडे सांगितला जातो, तो झाडाचा नाजूकपणा दाखवीत नाहीं. त्या पट्ट्यांत सगळें अन्न एकाच वेळीं विरघळलेलें राहतें, एवढाच त्याचा अर्थ आहे. पुष्कळ पुस्तकांत हा भेद गाळलेला असतो, आणि मग वाचणारा दशांशासाठीं उगाच जीव टाकतो.

कोड्याचा उरलेला अर्धा भाग १९५१ सालीं सुटला. लुई जेकबसन यांनीं लोहाला एका सेंद्रिय आम्लाच्या चिमट्यांत धरून द्रावणांत घातलें. या चिमट्याचें संक्षिप्त नांव ई. डी. टी. ए. चिमट्यांतलें लोह पाण्यांत तरंगत राहतें, तळाशीं बसत नाहीं, आणि मुळांना हवें तेव्हां मिळतें. एकदां घातलें कीं आठवड्याला पुन्हां घालण्याची दगदग संपली. अर्थात् चिमटा झाला तरी त्यालाहि मर्यादा आहे. साडेसहा-सातच्या वर त्याची पकड ढिली पडते, आणि म्हणून पी-एच् पाहण्याचें काम संपलें असें नव्हे.

मधल्या काळांत ही विद्या युद्धावर जाऊन आली होती. पॅसिफिक महासागरांतील वेक हें प्रवाळाचें बेट म्हणजे पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानांचा मुक्काम. तेथें शेतीजोगी माती नाहीं. म्हणून १९३८ च्या सुमारास गेरिक यांच्या एका शिष्यानें टाक्यांत भाजी लावली. १९४१ च्या डिसेंबरांत बेट जपानच्या हातीं गेलें. पुढें १९४५ सालीं अमेरिकन सैन्यानें अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर ज्वालामुखीच्या खडींत मळा केला, आणि युद्ध संपल्यावर तोक्योजवळ चोफू येथें त्याहून कितीतरी मोठा. खडी कोणती घ्यावी हा अशा ठिकाणीं जिवाचा प्रश्न होतो. प्रवाळाची किंवा चुनखडीची खडी पाण्यांत हळूहळू विरघळते, पी-एच् वर ढकलते, आणि लोह व फॉस्फेट दोन्ही गिळून बसते. काळ्या फत्तराची खडी असलें कांहीं करीत नाहीं.

हिंदुस्थानांत ही विद्या आली ती हिमालयाच्या पायथ्याच्या बाजूनें. शोल्टो डग्लस यांनीं १९४६-४७ च्या सुमारास बंगालमधील कालिंपाँग येथें प्रयोग केले. पंप, टाक्या, विजेचीं यंत्रें हें सगळें गरिबाच्या आवांक्याबाहेरचें, हें ओळखून त्यांनीं खडी-वाळूचे साधे वाफे केले, क्षारांची कोरडी पूड वर भुरभुरविली, आणि झारीनें पाणी घातलें. १९५१ च्या त्यांच्या पुस्तकांत या रीतीला "बंगाल पद्धति" असेंच नांव आहे.

आतां राहिलें पाणी दुरुस्त करण्याचें काम. मुंबईला तलावांचें पाणी येतें तें मृदु. त्यांत आम्लाचे थोडे थेंब पुरतात. दख्खनच्या पठारावरील विहिरींचें किंवा बोअरचें पाणी बहुधा जड असतें. त्यांत बायकार्बोनेट इतकें असतें कीं आम्ल टाकलें तरी तें निमूटपणें पचवितें, पी-एच् क्षणभर खालीं येतो, आणि दुसऱ्या सकाळीं पाहावें तों पुन्हां वर. ठिबकाच्या नळ्यांत चुन्याचे थर बसून छिद्रें बुजतात तीं याच पाण्यानें, आणि शेतकरी नळ्यांतून आम्ल सोडून तीं मोकळीं करतात. म्हणून आधीं सगळे क्षार पाण्यांत विरघळवावे, मगच पी-एच् पाहावा, कारण क्षारांनीं तो स्वतःच हलतो. कॅल्शियमचें दाट द्रावण सल्फेट व फॉस्फेट यांच्या दाट द्रावणांत कधींहि मिसळूं नये. तेथल्या तेथें खडू होतो. पी-एच् उतरवावयाचा तर फॉस्फॉरिक किंवा नायट्रिक ॲसिड, आणि चढवावयाचा तर पोटॅशियम हायड्रॉक्साइड. तेंहि आधीं पुष्कळ पाण्यांत पातळ करून, हातमोजे घालून, थेंबथेंब. ॲसिड पाण्यांत ओतावें. पाणी ॲसिडांत ओतलें तर तें उसळून तोंडावर येतें. ढवळून थोडा वेळ थांबावें, पुन्हां पाहावें, आणि जड पाणी असेल तर दुसऱ्या दिवशींहि पाहावें. विजेचा मापक असेल तर त्याची कांच कोरडी पडूं देऊं नये, आणि ज्यांचा पी-एच् ठाऊक आहे अशा दोन द्रावणांत तो अधूनमधून पारखून घ्यावा. न पारखलेला मापक तीन दशांश चुकीचें सुद्धां मोठ्या आत्मविश्वासानें सांगतो.

एवढें करून दोन-चार दिवसांनीं रोपाकडे पाहिलें म्हणजे जुनें पिवळें पान बहुधा पिवळेंच राहिलेलें दिसतें. शेंड्याला जें नवें पान उलगडत असतें, त्याच्यावर नजर ठेवावी; तें हिरवें निघालें तर पाणी जुळलें.